चाळिसावी नोंद

सुहासिनी मंगळवारी पहाटे गेली. नऊ वाजता उशाजवळच्या यंत्राने रोजच्यासारखं विचारलं, "रुग्ण हयात आहेत का?" तिच्या नवऱ्याला, केळुसकरांना, ‘नाही’चं बटण दाबवेना. त्यांनी ‘हो’ दाबलं. मग रोजच दाबत गेले. दहाव्याला पिंड ठेवायला नदीवर निघतानाही दाबलं.

सुहासिनीच्या आजारावरचे उपचार आता घरोघरी चालत. निम्म्या रुग्णांना जुनी गोळी होती, निम्म्यांना नवी, आणि कोण किती जगतं ते यंत्रं मोजत होती. चाळीस मृत्यू नोंदले गेले की तुलना होणार होती आणि सरस ठरलेली गोळी त्याच दिवशी सगळ्यांना मिळणार होती. नोंदी एकोणचाळीस झाल्या होत्या.

नदीवरून परतले तोच, या उपचारांमुळे फोनवरच ओळख झालेल्या तांडेलांचा फोन आला. त्यांच्या बायकोलाही जुनीच गोळी होती.

"केळुसकर, वहिनी कशा आहेत?"

"आहे."

"नशीबवान आहात. आमच्या हिला कालपासून पाणी गिळवत नाही. आकडा तर हलायला तयार नाही. चाळिसावा कोण मरतोय याची वाट बघत बसलोय. माणूस म्हणवून घ्यायची लाज वाटते हो."

"असं बोलू नका," केळुसकर कसेबसे म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी ‘नाही’वर बोट टेकवलं आणि तसेच उभे राहिले. मग बटण न दाबताच बोट उचललं.

तांडेलांची बायको अजून जुनीच गोळी घेते आहे. सुहासिनीच्या मृत्यूची नोंद करायची राहिली आहे.