करकचून बांधलेली पट्टी

मुलांनो, कल्पना करा: गल्लीत पाण्याची लॉरी आली आहे, टाकी भरलेली आहे, पण कुणीतरी नळीवर पाय देऊन उभं आहे आणि तुमची घागर रिकामीच. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस अशीच दबते. मग बोटं बधिर होतात, हातातली वस्तू निसटते आणि हात मात्र बाहेरून धडधाकट दिसतो. म्हणून लोक दुखणाऱ्यालाच ढोंगी ठरवतात. चेन्नईत, जिथे चकलीसारखा मुरुक्कू कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, ऊर्मीच्या घरी हेच झालं. तिची गोष्ट बरोबर शंभर शब्दांची आहे, मोजून पाहा.

दिवाळी दोन दिवसांवर होती. अंबत्तूरच्या कारखान्यात दिवसभर कात्रीने धागे कापून आई घरी आली आणि चकल्या पाडताना तिच्या हातून सोऱ्या तिसऱ्यांदा पडला. “डॉक्टर म्हणालेत, नस दबलीय. मनगटाला विश्रांती दिली नाही तर अंगठ्यातली ताकद कायमची जाईल,” ती म्हणाली. बाबा भडकले. “ऑफिसात सगळ्यांना अस्सल भाजणीची चकली कबूल केलीय मी. त्यांना काय, कोपऱ्यावरचा मुरुक्कू देऊ? नाटकं पुरे!” जुन्या साडीची पट्टी फाडून त्यांनी तिच्या मनगटाला करकचून बांधली. “घट्ट बांधलं की दुखणं पळतं. पाड आता.” आई कळवळली. दहा वर्षांची ऊर्मी गृहपाठ टाकून उठली. तिने आईच्या मनगटाची गाठ सोडली. मग तीच पट्टी बाबांच्या मनगटाला करकचून आवळली. “घट्टच बांधलंय, बाबा. पाडा आता!” म्हणत तिने सोऱ्या त्यांच्या हातात कोंबला.