मावशीकडचा नाश्ता

आठ वर्षांची गार्गी आईशी फक्त इंग्रजीत बोलायची. दोह्यात वाढलेली मुलगी, असंच चालायचं, असं आसावरी स्वतःला समजावायची.

शुक्रवारी सकाळी ती लेकीला आणायला शेजारच्या फ्लॅटमध्ये गेली. तिथे राहणाऱ्या, मूळच्या रेवदंड्याच्या हदासामावशींचा वल्हांडण हा ज्यू सण नुकताच संपला होता. सणातल्या उरलेल्या मात्झा, म्हणजे बिनखमिराच्या कडक रोट्या, मावशी भिजवून अंड्यात परतणार होत्या. दार उघडंच होतं.

"मावशी, अंडी मी फेटणार. तू मिरची कमी घाल हं!"

गार्गी मराठीत बोलत होती, तेही न अडखळता. आसावरी दारातच थांबली. सख्ख्या आईला एक शब्द नाही आणि या बाईपुढे चिवचिवाट!

"मावशी, रोटी मऊ झाला बघ."

"हो गं, छान मऊ झाली. सोड आता अंड्यात."

आसावरी नेहमीसारखी फिसकन हसली. "अगं, रोटी 'झाला' काय? पुन्हा म्हण बरं, बाबांना ऐकवू!"

गार्गीने दाराकडे पाहिलं. हातातला काटा तिने हळूच ओट्यावर ठेवला.

"हाय, मम्मा," ती म्हणाली. "इट्स सॉफ्ट नाऊ."