नाव घेतल्याबिगर पाकीट नाही

"हे असलं तालमीच्या दारात विकायचं नाही," असं म्हणून वस्तादांनी बचतगटाचं टेबल बाजाराच्या टोकाला, कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी हाकललं होतं. टेबलावर साबण, फिनेल आणि बायकांनी स्वतः बनवलेली सॅनिटरी पॅडं.

पुढच्याच बाजाराला वस्ताद लंगडत आले. कुस्तीत फुटलेल्या त्यांच्या गुडघ्यावर एका पठ्ठ्यानं आपल्या बायकोचं पॅड बांधलं, तेव्हा कुठं रक्त थांबलं होतं.

"ते द्या," त्यांनी बोट दाखवलं.

टेबलामागच्या द्वारकाबाईंनी फिनेलची बाटली पुढं केली.

"हे नव्हं. ते... कापसाचं."

"वस्ताद, गटाचा नियम हाय. नाव घेतल्याबिगर पाकीट नाही. नव्या नवरीला तरी नाव घेणं कुठं सुटतंय?"

वस्तादांनी इकडंतिकडं बघितलं, धडधाकट मांडीवर शड्डू ठोकला आणि डोळे मिटून ते ओरडले, "सॅनिटरी पॅड द्या! दोन डझन!"

कोंबड्यासुद्धा दचकून फडफडल्या.

गर्दी ओसरायची वाट बघत मघापासून शेजारी एकच मेथीची जुडी निरखत उभी असलेली पोरगी पुढं आली.

"मावशी," ती मोठ्यानं म्हणाली, "मलाबी एक पाकीट. वस्ताद वापरतात तेच!"