सहा वाजताचा फोन

लेक तीन महिन्यांनी माहेरी आली, तर बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अर्धांगवायूने वाचा गेलेली. राग पाठीनेच दाखवायचा.

"यांचं काय बिनसलंय गं, आई?"

"नवा फोन घेतलाय त्यांनी. तुला सांगू नको, अशी मला खूण केली. रोज सहाला तुला लावायचे. तुझं 'हॅलो, कोण?' ऐकलं की त्यांचं पोट भरायचं. आता महिना झाला, फोन ठेवला की ताट लोटतात. तरी दुसऱ्या दिवशी सहाला फोन हातात आहेच."

फोन कंपनीत यंत्रांचे कॉल अडवायचं काम लेकीचं. रोज ठरल्या वेळी येतो आणि पलीकडून कोणी बोलत नाही, तो फोन माणसाचा नसतो, हा नियम तिने महिन्यापूर्वी अशाच एका मुक्या नंबराला वैतागून लिहिला होता.

तिने बाबांच्या उशाशी ठेवलेला फोन उचलून स्वतःचा नंबर लावला. पर्समधला तिचा फोन गप्पच राहिला. बाबांच्या फोनमधून मात्र तिचाच आवाज आला, कंपनीसाठी तिने हसतमुखाने रेकॉर्ड केलेला: "आपली ओळख पटलेली नाही. कृपया पुन्हा फोन करू नये."