पिशवीतली डबी

“आजी, तुमच्या पिशवीत काय आहे?”

ज्ञानेश्वरीने हे इतकं खणखणीत विचारलं की पंगतीच्या टोकाची माणसंसुद्धा घास हातात धरून वळून बघायला लागली. खांबाआड मनस्वी आणि उज्वला एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत उभ्या. पैजच तशी होती. कानात नाही, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं. विचारलंस तर काला खट्टा, बर्फाचा गोळा, आमच्याकडून. आणि गेल्याच महिन्यात वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी काय आवाज काढायला घाबरणार?

कोपरखैरण्याच्या त्या दत्तमंदिराच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी गोरगरिबांना खिचडी-चपातीचं जेवण असे. ज्ञानेश्वरीच्या पप्पांनीच ते सुरू केलं होतं. मार्केटात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा. सकाळची शाळा सुटली की तिघी मैत्रिणी गणवेशावरच वाढायला यायच्या. भिंतीवर पाटी होती, ‘पोटभर जेवा, अन्न बरोबर नेऊ नये.’ आणि शेजारच्या बोनकोडे गावची गोजराआजी जेवता जेवता सारखी मांडीवरच्या पिशवीत हात घालायची. मनस्वीने तीनदा पाहिलं होतं, दोघींनाही दाखवलं होतं. चपात्या पळवते म्हातारी, विचारून दाखव, लाव पैज.

गोजराआजी मुळीच गडबडली नाही. “बघायचा हाय?” म्हणत तिने पिशवीतून तपकिरीच्या डबीएवढी डबी काढली आणि झाकण उघडलं.

आधी वास आला.

“जवल्याची चटनी हाय गो बाय. तुमची खिचरी मना गोर लागते, तिखाट नाय. चिमूटभर तोंडाला लावली का दोन घास जास्ती जातान.”

पिशवीत चपाती एकही नव्हती. हात आत जाताना तिघींनी पाहिला होता, बाहेर येताना एकीनेही पाहिला नव्हता.

“मासळी? देवळात? ते पण गुरुवारी?” पंगतीतून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं, एकीने पदर नाकाला लावला. पप्पा लगबगीने आले. ते रागावले नाहीत, त्यांना कुणावर रागावता येतच नाही. त्यांनी हात जोडले.

“आजी, देवाची जागा आहे. तेवढी डबी बाहेर ठेवून या. मग सावकाश जेवा.”

“बरोबर हाय, शेठ. चुकला माजा.”

आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. दर वेळी जाताना ती ज्ञानेश्वरीच्या गालावरून हात फिरवायची. आताही हात उचलला, मग बोटांकडे पाहिलं, पदराला पुसली आणि तशीच बाहेर गेली.

ज्ञानेश्वरी खिचडी वाढत राहिली. एक डोळा दाराकडे. पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली. खांबाशेजारचं एक पान तेवढं तसंच होतं. खिचडीच्या मधोमध आजीने बोटाने खळगा केला होता, चटणीसाठी. तो रिकामाच.

“बरं झालं विचारलंस,” पप्पा हात धुताना म्हणाले. “एवढ्या माणसांत विचारायला जिगर लागते. वाघीण आहे माझी.”

मनस्वीने शब्द पाळला. गाडीवरून काला खट्टा आणून ज्ञानेश्वरीच्या हातात दिला. तो मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत जांभळा गेला तरी तिने तोंडाला लावला नाही.

“खा ना गं, जिंकलीस तू,” उज्वला म्हणाली.

दिवेलागणीला आई भाकऱ्या थापत होती आणि पप्पा तिला दुपारची गोष्ट सांगत होते, वाघिणीसकट. रविवारी याच तव्यावर आईने बोंबील भाजले होते आणि पप्पांनी तव्याची खरवड मागून घेतली होती.

“मग जेवली का म्हातारी?” आईने विचारलं.

“मी फक्त डबी ठेवून ये म्हटलं होतं गं. ती आलीच नाही, त्याला मी काय करू?”

ज्ञानेश्वरी दाराशी उभी होती. गेल्याच गुरुवारी दुसऱ्यांदा वाढून घेताना आजी तिला म्हणाली होती, गुरवारचा मी चूल नाय पेटवत गो, दुपारचा तुमच्याकरं पोटभर जेवते, रातचा पानी पिऊन निजते. तेव्हा ज्ञानेश्वरी हसली होती आणि पुढच्या पानाकडे वळली होती. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

“पप्पा, जिगर-बिगर काही नव्हती,” ती म्हणाली. “पैज होती. एका काला खट्ट्याची.”

पप्पांनी वर पाहिलं. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

ज्ञानेश्वरीने फळीवरचा डबा काढून आईपुढे ठेवला. “यात पिठलं-भाकरी घाल, दोघींपुरती. मी बोनकोड्याला चाललेय. आजीबरोबर जेवून येणार. आणि तिने चटणी वाढली तर खाणार.”

“घर तरी माहितीये का तिचं?”

“विचारीन. विचारायला मी घाबरत नाही, सगळ्या सभागृहाने पाहिलंय.”

आईने भाकरी उलटली. पप्पांनी डब्याकडे पाहिलं.

“आज गुरुवार आहे, ज्ञाना.”

“हो ना,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “म्हणून तर तिची चूल पेटली नसेल.”