भुयाराचं दार

मत देण्याआधी प्रत्येकाने डोक्याला पट्टी बांधून युद्धात आपलं शहर जळताना अनुभवायचं, असा तिथला कायदा होता. पट्टीतली आठवण अनसूया खोतांची. त्या आगीतून वाचलेल्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

यंदा पट्टी बांधली आणि अनसूयाबाईंचं डोकं सणकलं. बॉम्ब तेच, धूर तोच, पण भुयाराचं दार सताड उघडं होतं आणि आपलेच शिपाई लोकांना हात देऊन आत घेत होते.

त्यांनी पट्टी ओरबाडून काढली. "दार बंद होतं. शिपायांनी आतून कडी घातली होती. माझी धाकटी बहीण कुसुम बाहेरून दार बडवत होती, मी आतून ऐकत होते. ते कुठं गेलं?"

केंद्रावरचा अधिकारी नरमाईने म्हणाला, "आजी, लोक बिथरायचे हो. सरकारवर राग काढून मत द्यायचे. शांततेचा संदेश शांतपणे पोचावा, म्हणून जरा दुरुस्ती केली."

अनसूयाबाईंनी खुर्ची ओढली आणि मतपेटीच्या वाटेतच ठाण मांडलं. मागची रांग थबकली.

"दार उघडं होतं म्हणतोस ना? मग कुसुम आत आली असेल. जा, तिला घेऊन ये. तिचंही मत राहिलंय."