बाकावरची मधली जागा

"हा टप कुणासाठी?" बायकोनं विचारलं.

वेल्डर गाडीच्या चेनला तेल देत होता. त्यानं मान वर केली नाही. "तुझ्यासाठीच. ऊन लागायला नको."

"संध्याकाळ झालीय. कुठलं ऊन?"

तीनचाकी होती. पुढं दोन चाकं, त्यांच्यामध्ये खुर्ची. मागं एक चाक, त्याच्यावर त्याची सीट आणि पेडल. जुन्या पलंगाचे पाइप कापून त्यानं ती जोडली होती. खुर्ची न्हाव्याच्या दुकानातली, मोडीत निघालेली. तिला नवा फोम घातला, वर लाल रेक्झिन चढवलं. जोड असे घासले होते की बोट फिरवलं तरी कळू नये. हातात कसब होतं, त्याबद्दल वाद नाही. छातीत दम नव्हता.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बायकोनं उंबरा ओलांडला नव्हता. वर्षभर तिचं जग म्हणजे खिडकी. खिडकीतून गल्लीचा कोपरा दिसायचा. कोपऱ्यापलीकडचा नदीवरचा पूल दिसायचा नाही. तिला एकदा तो पूल बघायचा होता. बाईनं एवढंच मागितलं होतं.

आणि गाडी तयार होऊन परसात ताडपत्रीखाली पडून होती. रोज नवीन काहीतरी निघायचं. आज चेन सैल आहे. आज रंग ओला आहे. आज ब्रेक कुरकुरतोय. सगळं खोटं. ब्रेक नव्हता कुरकुरत, वेल्डर कुरकुरत होता.

कारण पुलाकडं जायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बाक.

तसा साधा लाकडी बाक. पण त्या गल्लीत ते कोर्ट होतं. संध्याकाळी रिकामटेकडे म्हातारे तिथं बूड टेकायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा निकाल लावायचे. शाळेतल्या बाई पन्नाशीत स्कूटर शिकायला लागल्या, बाकानं नाव ठेवलं 'भूकंप'. समोरच्या विधवेनं गाण्याचा क्लास लावला, ती 'गळका नळ'. ते कानावर गेलं तशी तिनं आधी खिडक्या लावून घेतल्या, मग गाणंच सोडलं. "चला, नळ दुरुस्त झाला," असा शेराही बाकावरूनच आला, आणि हसून हसून वेल्डरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शिंपी डॉक्टरच्या सांगण्यावरून पळायला लागला, तो 'पळती गोणी'. तोही थांबला. आता त्याचे पाय सुजतात, शिलाई मशीनवर बसवत नाही. बाकाला त्याचं काय? बाकाला रोज नवा माणूस लागतो.

आता आपली पाळी. आपल्याला काय नाव पडेल?

हा विचार आला की वेल्डरला नावं आपोआप सुचायची. म्हातारीची बाबागाडी. चालतं सलून. हातगाडीवरचा संसार. एकापेक्षा एक झणझणीत. थांबवू म्हटलं तरी थांबायची नाहीत. शेवटी त्यानं खुर्चीवर लोखंडी सांगाड्याचा, काळ्या ताडपत्रीचा टप चढवला, तिन्ही बाजूंनी बंद. आत माणूस आहे की सिमेंटचं पोतं, कुणाला कळणार नाही.

"मला पूल बघायचाय," बायको म्हणाली. "पुलापासून लपायचं नाहीये."

"अगं, लोक काय म्हणतील—"

"काय म्हणतील ते तुम्हाला पाठच असेल." ती दारातल्या स्टुलावर बसली होती. केस विंचरलेले, पायांत बूट, काठी मांडीवर आडवी. कधीची तयार होती कोण जाणे. "या डब्यात बसून मी येणार नाही. कापा हा, नाहीतर गाडी भंगारात घाला. माझ्यामागं रोज तिला तेल पाजत बसू नका."

टप नटबोल्टवर असता तर पान्यानं सुटला असता. शरमेच्या मारे त्यानं तो पक्का वेल्ड केला होता. वेल्डरनं थोडा वेळ तिच्या बुटांकडं बघितलं. मग ग्राइंडर उचलला. ठिणग्या उडाल्या. काळा सांगाडा खाली पडला. उरलेली टोकं त्यानं कानशीनं गुळगुळीत घासली, बायकोची बाही अडकू नये म्हणून. तिला उचलून खुर्चीत ठेवलं आणि फाटक उघडलं.

पहिल्या दहा हातांत गाडी भिंतीला घासली. "डोळे उघडे आहेत ना?" बायकोनं विचारलं. मग जमलं. दुकानाच्या दारात बसलेला शिंपी गळ्यातल्या टेपसकट उठून उभा राहिला. लाल खुर्ची उन्हाळी फुलासारखी रस्त्यावरून चालली होती आणि अख्ख्या गल्लीला दिसत होती.

कोपरा आला. बाकावर तिघंजण होते. मधली जागा रिकामी होती.

तिघांनी गाडी बघितली. एकाचं तोंड उघडलं. वेल्डरच्या कानांतून वाफा निघाल्या, पण पाय थांबले नाहीत. मग तिन्ही माना एकदम वळल्या, गाडीकडं नाही, त्या रिकाम्या जागेकडं. जणू तिथून काहीतरी यायचं होतं आणि ते आलं की मग हसायचं होतं. काहीच आलं नाही. उघडलेलं तोंड हळूच मिटलं.

गाडी वळली. समोर पूल होता, खाली नदी होती, आणि बायको पोरीसारखी हात पसरून वारा खात होती.

"कुणीच काही बोललं नाही गं," वेल्डर धापा टाकत म्हणाला.

"बोलणार कोण?" नदीवरची नजर न काढता बायको म्हणाली. "वर्षभर खिडकीतून बघतेय मी. ते तिघं नुसते हसतात. नावं ठेवणारा आज इथं पेडल मारतोय."